कळशीतली तारली

खांबावरचा लाल दिवा तिसऱ्यांदा लागला तेव्हा जयवंती डोर्लेकर मांडीइतक्या चिखलात उभी राहून कुडाची सैल झालेली काठी बांधत होती. तिने ती काठी उपटली आणि दिव्यावर फेकून मारली. लागली नाही. दिवा तसाच जळत राहिला, भर सकाळच्या उन्हात, निर्लज्जासारखा.

"तिसरा गो जयवंती!" पलीकडच्या होडीतून पांडू तांडेल ओरडला. "आता त्याला हळदकुंकू लाव. तूच आणलंस ना वाजतगाजत?"

जयवंतीने त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येत नाही. पांडूने मुकाट्याने वल्हं मारलं. खरं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. तिनेच आणलं होतं.

तीन लाल म्हणजे काय हे वेसुर्ल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एका महिन्यात एकाच जागी तीनदा लाल दिवा लागला, की त्या जागेजवळचं मासेमारीचं साधन उपटायचं आणि मालकाचं नाव खाडीच्या यादीतून काढायचं. कायमचं. पुन्हा अर्ज नाही की वारसाला हक्क नाही. जयवंतीचा कूड खाडीतला शेवटचा होता. तिच्या सासऱ्याने याच जागी खुंट ठोकले होते आणि सासऱ्याच्या आजानेही याच जागी. नवरा गेल्यावर बारा वर्षं तिने एकटीने तो उभा ठेवला होता. तो आता येत्या अष्टमीला, पाणी भांगाचं म्हणजे संथ असताना, क्रेन लावून उपटला जाणार होता. गुन्हा : माशांची पिल्लं मारणे.

पिल्लं! जयवंती डोर्लेकर आणि पिल्लं मारणार!

आधी तो कूड कसा होता ते सांगायला हवं. चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्या सुंभाने विणून केलेली ती लांबलचक भिंत खाडीच्या अर्ध्या पात्रात तिरकी उभी असे. भरतीला मासा वरून आत जाई. ओहोटीला पाण्याबरोबर खाली येताना कुडाला अडे आणि भिंतीच्या कडेकडेने सरकत टोकाच्या खोयनीत, म्हणजे निमुळत्या तोंडाच्या बांबूच्या पिंजऱ्यात, शिरे. दोन काठ्यांमधली फट दोन बोटांची. माप घरातल्या बाईच्या बोटांचं. त्या फटीतून जे निसटेल ते अजून लहान आहे, त्याला जाऊ द्यायचं. आणि कार्तिकापासून पौषापर्यंत, जिथे पाणी सगळ्यात खोल असतं तिथे, दोन हात पसरून मावतील एवढा भाग उघडा सोडायचा. बोय मासा खाडीत वाढतो, पण अंडी घालायला समुद्रात जातो. पोटात गाभोळी घेऊन निघालेल्या माद्यांसाठी ती वाट. डोर्लेकरांच्या घरात तिला माहेरवाट म्हणत. पहिलटकरीण माहेरी चाललीय, तिला वाटेत कोण अडवतं?

खांबावरचं यंत्र चालवणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्राच्या माणसाने पहिल्या वर्षी कुडाची पाहणी केली, तेव्हा या माहेरवाटेसमोर कागदावर लिहिलं : "बांधकामातील त्रुटी."

आता यंत्राबद्दल. सहा वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी मोठ्या बोटी दिवे लावून, बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी टाकून समुद्र खरवडत होत्या. आणि सरकार विचारत होतं, पुरावा काय? मासा कमी झाला म्हणता, पण मोजला कोणी? त्याच सुमाराला पाणवाचक आला.

यंत्र साधं होतं, निदान समजायला. मासा पाण्यातून नुसता जात नाही, मागे सांडत जातो. खवल्यांची धूळ, अंगावरची बुळबुळ, विष्ठा. त्यातल्या कणाकणात त्या माशाचा डीएनए असतो, म्हणजे तो कोण आहे हे सांगणारी लांबलचक चिठ्ठी. खाडीतलं पेलाभर पाणी घेतलं तर त्यात अशा लाखो चिठ्ठ्या तरंगत असतात. पूर्वी त्या वाचायला शहरातली प्रयोगशाळा आणि आठवडा लागे. पाणवाचक खांबावर बसल्या बसल्या अकरा मिनिटांत वाचत असे. त्याची खरी करामत पुढेच होती. वय वाढतं तशा डीएनएवर बारीक रासायनिक खुणा बदलत जातात. त्या खुणांवरून तो मासा कोणता एवढंच नाही, केवढा, हेही यंत्र सांगे. पिल्लांचं प्रमाण ठरावीक आकड्याच्या वर गेलं की दिवा लाल. कोणीतरी पिल्लं मारतंय, त्यांचं रक्त-मांस पाण्यात उतरतंय.

हे ऐकून जयवंती पेटली होती. अख्खं गाव विरोधात असताना ग्रामसभेत उभी राहून ती म्हणाली होती, "माणूस खोटं बोलतो. पाणी खोटं बोलत नाय. बसवू दे यंत्र!" ते वाक्य केंद्राला इतकं आवडलं की त्यांनी ते पोस्टरवर छापलं. खाली तिचा फोटो, डोक्यावर पाटी, तोंडभर हसू.

मग काय झालं? समुद्र अफाट, तिथे पाण्यात सगळं विरून जातं, म्हणून मोठ्या बोटींना आपलं पाणी आपणच वाचून कळवायची मुभा मिळाली. चोराने स्वतःची झडती स्वतःच घ्यावी तसली मुभा. त्यांचा दिवा सहा वर्षांत एकदाही लाल लागला नाही. खांब उरले ते खाड्यांत, पाग टाकणाऱ्या आणि खोयन लावणाऱ्या माणसांच्या डोक्यावर. आणि नियम असा, की लाल लागला तर पाचशे मीटरच्या आत जे नोंदलेलं साधन असेल ते जबाबदार. चौकशी नाही की काही विचारणं नाही. जवळ आहेस ना? मग तूच.

जयवंतीने सुरुवातीला हुज्जत घातली होती, की कूड म्हणजे कुंपण, त्याला कसलं साधन म्हणता? तेव्हा केंद्राचे अधिकारी वाघचौरे साहेब यांनी तिला नियम वाचून दाखवला होता. "पाणी अडवून किंवा गाळून मासळी रोखणारी कोणतीही रचना म्हणजे साधन. कोणतीही, मावशी. कळलं?"

कळलं होतं. पाठच झालं होतं.

*

नोटीस आली तिच्याखाली सही होती : सानिका रमाकांत डोर्लेकर, वाचन सहायक.

जयवंतीने ती दोनदा वाचली. मग लुगडं बदललं, खाडी ओलांडणारी तर पकडली, मग एसटी, आणि अकरा वाजता ती जिल्ह्याच्या केंद्रात आपल्या पोरीच्या टेबलासमोर उभी राहिली.

"आई?" सानिका दचकून उठली. ऑफिसात ती आई म्हणे. घरी आये. "तू इथे कशी?"

"ही सही कोणाची?"

सानिकाने कागद पाहिला. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग पांढरा. "हे... वेसुर्ल्याचं?"

"वेसुर्ल्याचंच. कूड क्रमांक सात. तुला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडलं ना, ते ज्याच्यावर, तो कूड."

"आई, ती सही मी करत नाही. आपोआप लागते. दिवसाला साठ नोटिसा निघतात. मी बघतही नाही."

"म्हंजे हात तुझा नाय, नाव मात्र तुझं."

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने कानात बटणं घातली. सानिकाने आईला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"यंत्राने काय वाचलं ते दाखव."

"आकडा आहे ना नोटिशीवर. पिल्लं ऐंशी टक्क्यांच्या वर."

"आकडा नको. मासा कोणता?"

"यादी बंद असते. कुठल्या खाडीत कुठला मासा आहे ते बाहेर कळलं तर लोक तिथे तुटून पडतील, म्हणून गोपनीय..."

"सानिका." जयवंतीचा आवाज खाली आला. तिचा आवाज चढला तर फारसं बिघडत नसे, खाली आला की घरातली मांजर बाहेर जाई. "त्या पाण्यात कोणाची पिल्लं मेली ते मला सांग. तू नाय सांगितलंस तर मी हितं बसेन. मी बसले की काय होतं तुला ठाऊक हाय."

सानिकाने दाराकडे पाहिलं. साहेब दौऱ्यावर होते. तिने यादी उघडली आणि वाचायला लागली, परक्या भाषेतली लांबलचक नावं.

"मराठीत वाच. मासे काय विलायतेतून आले?"

"तारली," सानिका म्हणाली. "चौसष्ट टक्के. बांगडा... बावीस. मग मांदेली, बळा..." आणि ती थांबली.

जयवंती हसली. वाईट हसू होतं ते. "वाच ना. थांबलीस का? आपल्या कुडात तारली, सानू? तीन कोस आत, निम्मं पाणी गोडं, आणि तिथं तारली आणि बांगडा? तू जन्मापासून त्या चिखलात लोळलीस. आयुष्यात एक तारली बघितलीस खोयनीत? एक?"

"नाही."

"बोय हाय काय यादीत? तांबोशी? काळुंदर?"

"आहे. थोडीथोडी. आणि वय..." सानिकाचं बोट पडद्यावर फिरलं. "सगळी मोठी. चार-चार, पाच-पाच वर्षांची. पिल्लू एकपण नाही."

"मग?"

सानिका आता आईकडे बघत नव्हती. ती यादीच्या शेवटच्या रकान्याकडे बघत होती, जो तिने नोकरीच्या तीन वर्षांत उघडला नव्हता. "आये," ती म्हणाली, आणि ऑफिसात आये म्हटल्याचं तिला कळलंही नाही. "ही बघ, तुकड्यांची लांबी. जिवंत माशाच्या अंगावरून, नाहीतर ताज्या मेलेल्या माशातून पाण्यात जातं ना, ते लांब असतं. चिठ्ठी अख्खी नसली तरी अर्धीमुर्धी असते. उकळलं, वाळवलं, दळलं, की तिचे चिंधडे होतात. बोय-तांबोशीचे तुकडे लांब आहेत. तारलीचे, बांगड्याचे... सगळे बारीक. एकूणएक."

"म्हंजे काय झालं?"

"म्हणजे ही तारली शिजलेली आहे."

भिंतीवर पोस्टर होतं. पाणी खोटं बोलत नाही. डोक्यावर पाटी, तोंडभर हसू.

"मग लिही तसं," जयवंती म्हणाली.

"मला लिहायचा अधिकार नाही. आक्षेप साहेबांकडे जातो, तीस दिवस लागतात..."

"कूड सहा दिवसांनी उपटतायत."

"यादी बाहेर गेली तर मला काढतील गो. लगेच काढतील."

"मी तुला नोकरी सोड म्हणाले काय? मी म्हणाले, यादी वाच. तीनदा लाल लागला. तीनदा हा रकाना तुझ्यासमोर होता. आणि तू कोण? कुठल्या लांबच्या गावची पोर, तारली झाडाला लागते म्हणणारी? तू डोर्लेकरांची!"

ती गेली. सानिकाने मागून दोन हाका मारल्या.

*

परतीच्या तरीत जयवंतीच्या डोक्यात एकच घोळत होतं. शिजलेली तारली. पाण्यात. ती स्वतःवरच दातओठ खात होती. यंत्र आणणारी ती, ग्रामसभेत छाती काढून उभी राहणारी ती. पांडू तांडेल तेव्हा म्हणाला होता, "यंत्र वाचेल गो, पण वाचलेलं कोण वाचणार?" तिने त्याला सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं होतं.

तरीची होडी कोळंबी प्रकल्पाच्या धक्क्याला लागली. प्रकल्प म्हणजे पूर्वीची खारजमीन. भात पिकायचं, बांध होता, बांधाला उघाडी होती, म्हणजे लाकडी झडपेचं दार. आता तिथे चाळीस तळी होती, सिमेंटची उघाडी होती, आणि तिच्यातून तळ्यांचं वापरलेलं पाणी खाडीत सोडत. कधी सोडत? उधाणाच्या ओहोटीला, पाणी जोरात खाली ओढतं तेव्हा. अमावस्येला, पौर्णिमेला. लाल दिवा कधी लागला होता? अमावस्या, पौर्णिमा, अमावस्या.

तिला हे सुचलं ते डोक्याने नव्हे, नाकाने. धक्क्यावर पोती उतरवत होते. एक पोतं फाटलं होतं आणि त्यातून तपकिरी गोळ्या सांडल्या होत्या. तो वास! तिने जन्मभर मासळी वाळवली होती. त्या वासात तिची फसगत होणं शक्यच नव्हतं. मोठ्या बोटींच्या बारीक जाळ्यांत जे चिंगूळ येतं, बोटाएवढी तारली, करंगळीएवढा बांगडा, ते बाजारात कोणी घेत नाही. ते जातं कुटीच्या, म्हणजे मासळीच्या भुकटीच्या, गिरणीत. तिथे उकडतात, वाळवतात, दळतात. त्याचं होतं कोळंबीचं खाद्य. पोत्यावर छापलं होतं, "समुद्री प्रथिनांनी समृद्ध". कोळंबी खाते निम्मं. निम्मं विरघळतं पाण्यात.

पिल्लं मारली समुद्रात, दिवे लावून. दळली गिरणीत. पोत्यात भरून तिच्या खाडीत आणून ओतली. आणि खून लिहिला जयवंती डोर्लेकरच्या नावावर, कारण ती जवळ राहत होती.

तिने वाकून मूठभर गोळ्या उचलल्या आणि पदरात बांधल्या.

"ओ मावशी, काय घेताय?" हमाल म्हणाला.

"पोरं," जयवंती म्हणाली. "तारलीची."

*

अष्टमीला सकाळी नऊ वाजता क्रेन आली. तराफ्यावर बसवलेली, पिवळी, कुडापेक्षा चौपट उंच. वाघचौरे साहेब गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आले. ते मूळचे नगरकडचे. खाडीत पाऊल टाकताना त्यांचा चेहरा दर वेळी शेणात पाय पडल्यासारखा होई. मागे हातातला पाणवाचक घेऊन सानिका. उपटण्याआधी शेवटचं वाचन घ्यायचा नियम होता आणि वाचन सहायक तीच होती. ती आईकडे बघत नव्हती. तिचे डोळे सुजलेले होते.

बांधावर गाव जमलं होतं. मयताला जमतं तसं.

"मावशी, बाजूला व्हा," वाघचौरे म्हणाले. "मला पण आनंद नाही होत. तुमचा फोटो आहे आमच्या ऑफिसात."

"बघितला. दात चांगले आलेत माझे." जयवंती कुडाच्या टोकाला पाण्यात उभी होती. कडेवर पितळेची कळशी, पोर घ्यावं तशी. "साहेब, शेवटचं वाचन घेणार ना? ते यात घ्या."

"कशात?"

"कळशीत. हे आमच्या विहिरीचं पाणी. डोंगराच्या पोटातली विहीर, पन्नास हात खोल. तिच्यात बेडूकसुद्धा नाय. पांडू, हाय काय रे?"

"नाय," पांडू तांडेल बांधावरून म्हणाला. "मेलेली मांजर होती एक, त्याला वीस वर्षं झाली."

लोक हसले. वाघचौऱ्यांनी घड्याळ पाहिलं. जयवंतीने पदराची गाठ सोडली, मूठभर तपकिरी गोळ्या सगळ्यांना दिसतील अशा धरल्या आणि कळशीत टाकल्या. हाताने ढवळलं. पाणी चहासारखं झालं.

"बुडवा आता यंत्र."

"हे काय नाटक आहे? कळशी हे अधिसूचित जलक्षेत्र नाही."

"मग घाबरता कशाला? कळशी चावते काय?"

वाघचौरे काही बोलायच्या आत सानिकाने पुढे होऊन यंत्राची नळी कळशीत सोडली. आईने पोरीकडे पाहिलं. पोरीने यंत्राकडे.

अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत क्रेनवाल्याने तंबाखू मळली. बायका कुजबुजल्या. वाघचौरे फोनवर कोणाला तरी "हो सर, होतंय सर" म्हणत राहिले. मग यंत्र वाजलं आणि त्याच्या टोकावरचा बारीक दिवा लाल झाला.

"वाच," जयवंती म्हणाली.

"सानिका, यादी गोपनीय आहे," वाघचौरे म्हणाले.

सानिकाने घसा साफ केला. मग मोठ्याने वाचलं, पार बांधावर ऐकू जाईल असं. "तारली, एकसष्ट टक्के, पिल्लं. बांगडा, पंचवीस टक्के, पिल्लं. मांदेली. बळा. सगळे तुकडे बारीक. शिजवलेले. वेसुर्ल्याच्या तिन्ही लाल वाचनांत हीच यादी आहे. हेच मासे, हेच तुकडे. फक्त तिथे त्याशिवाय बोय आणि तांबोशी आहे, कारण ती खरोखर खाडीत असते."

"माझ्या कळशीत तारली पोहते काय साहेब?" जयवंती म्हणाली. "मग उपटा कळशी! लावा क्रेन! जवळ मीच उभी हाय ना? मग मीच मारली!" आता तिचा आवाज चढला होता आणि खाडीच्या दोन्ही काठांवर आपटत होता. "सहा वर्षं ह्या यंत्राची मी आरती करते. मी आणलं गावात. कशाला? त्या बोटी पकडायला. ती पिल्लं ज्यांनी मारली त्यांना आपलं पाणी आपण वाचायची मुभा, ज्यांनी दळली त्यांना परवाना, ज्यांनी पोत्याने ओतली त्यांना चाळीस तळी. आणि दोन बोटांची फट ठेवणारी मी खुनी! त्रुटी म्हणता माझ्या माहेरवाटेला? अहो, तेवढी एकच गोष्ट ह्या अख्ख्या किनाऱ्यावर बरोबर हाय!"

वाघचौरे वाईट माणूस नव्हते. तेच तर वाईट होतं. वाईट असते तर भांडता आलं असतं. ते खाली बघून म्हणाले, "मावशी, तुमचं खरं असेल. पण प्रकल्पाविरुद्ध नोंदच होत नाही. यंत्र जबाबदारी साधनावर टाकतं. प्रकल्पाकडे साधन नाही. कोळंबी तळ्यात वाढते, ते काही पकडत नाहीत. माझ्या हातात काही नाही."

"उघाडी हाय."

"ते दार आहे."

"दाराला जाळी हाय. खाडीतला मासा तळ्यात शिरू नये म्हणून बसवलीय, बारीक आसाची. रोज सकाळी कामगार तिथं अडकलेली पिल्लं फावड्याने काढून टाकतात, गाव बघतं." जयवंतीने कळशी डोक्यावर घेतली. "पाणी अडवून किंवा गाळून मासळी रोखणारी कोणतीही रचना म्हणजे साधन. कोणतीही, साहेब. कळलं?"

वाघचौऱ्यांनी नकळत उघाडीच्या दिशेने पाहिलं.

"सानू, चल."

आणि ती निघाली. चिखलातून बांधावर, बांधावरून वर, एक किलोमीटर, पाचशे मीटरच्या रेघेच्या कितीतरी पलीकडे. मागे सानिका, मागे गाव, आणि सगळ्यात मागे बुटांत पाणी शिरलेले वाघचौरे, "ऐका, ऐका" म्हणत. क्रेन एकटीच राहिली.

सिमेंटची उघाडी बारा महिने गळे. खाली डबकं साचलेलं, वर फेस, जाळीला पांढरी पोटं वर करून चिकटलेली बोटभर पिल्लं. प्रकल्पाचा पहारेकरी "कोण, कोण" करत आला आणि एवढी माणसं बघून आपल्या खोलीत गेला. सानिकाने नळी डबक्यात सोडली. पुन्हा अकरा मिनिटं.

लाल.

यंत्राच्या पडद्यावर शब्द उमटले : पाचशे मीटरच्या आत नोंदणीकृत साधन आढळले नाही. साधनाची नोंद करा.

"सानिका," वाघचौरे धापा टाकत म्हणाले, "हे बघ, दाखल केलंस की यादीसकट सगळं जाहीर होतं. हाताने केलेली नोंद जिल्ह्यातल्या प्रत्येक खांबावर दिसते. मला तुला वाचवता येणार नाही. पोरी, तीन वर्षं झाली तुला, आता कायम होशील."

जयवंतीने तोंड फिरवलं. एवढं मात्र तिने केलं. जिच्या आवाजाने मांजरं पळत, ती या घडीला एक अक्षर बोलली नाही. पाठ करून उभी राहिली, डोक्यावर कळशी धरून, म्हणजे पोरीला आपला चेहरा बघून ठरवावं लागू नये.

तिला टकटक ऐकू आली. सानिका टाइप करत होती, आणि करता करता मोठ्याने म्हणत होती, शाळेत धडा म्हणावा तशी. "साधन, उघाडी. प्रकार, पाणी गाळून मासळी रोखणारी रचना. मालक, कोळंबी प्रकल्प. सही... ह्या वेळची मीच करते."

यंत्राने हूं की चूं केलं नाही. जयवंतीचं नाव जितक्या सहज गिळलं होतं तितक्याच सहज प्रकल्पाचं गिळलं. त्याला भीडही नव्हती आणि मुरवतही. उघाडीच्या नावावर नोंद चढली आणि लांब खाली, कुडाजवळच्या खांबावर, सहा वर्षांत कधी न दिसलेली अक्षरं फिरू लागली. तारली. बांगडा. शिजवलेली.

*

सानिकाला दुपारी तीन वाजता काढलं. पत्राखालची सही आपोआप लागलेली होती.

प्रकल्पाच्या उघाडीला तात्पुरतं सील लागलं आणि चौथ्या दिवशी कोर्टातून स्थगिती येऊन निघालंही. अशा लोकांना स्थगिती वाण्याच्या दुकानात मिळते. पण यादी सुटली ती सुटली. पंधरा दिवसांत अकरा खाड्यांवर बायकांनी कळश्या भरल्या आणि केंद्राच्या माणसांना म्हणाल्या, बुडवा. कुडाची नोटीस "पुनर्विचाराधीन" झाली. म्हणजे रद्द नाही. म्हणजे क्रेन पुन्हा येऊ शकते. येऊ दे.

पौषात एका सकाळी मायलेकी अंगणात बसून कुडाची नवी भिंत विणत होत्या. सानिकाचा हात बसला नव्हता. सुंभाने बोटं सोलली होती आणि कोणाला कळू नये अशा बेताने ती बोटांवर फुंकर घालत होती.

"कुणाला पत्र लिहितेस की नाय?" जयवंती म्हणाली. "दुसऱ्या नोकरीचं?"

"लिहिलंय. अकराही खाड्यांच्या याद्या मागितल्यात. सगळ्या, शेवटच्या रकान्यासकट. देणार नाहीत, पण मागत राहणार. तू मला काढून टाकणार आहेस का इथून?"

"काढते कशाला? हितं सही आपोआप लागत नाय, एवढं ध्यानात ठेव."

सानिकाने दोन काठ्यांमध्ये दोन बोटं घातली, फट मापली आणि सुंभ आवळला. जयवंतीने हात पुढे करून त्या फटीत आपली दोन बोटं घालून पाहिली. गेली नाहीत. तीस वर्षं सुंभ ओढून ती खुंटासारखी झाली होती.

"सोड ती गाठ," ती म्हणाली. "ऑफिसातली बोटं तुझी, काडीसारखी. हितनं कोण निसटणार? तू तीन घाल."

सानिकाने गाठ सोडली आणि तीन बोटं घातली.